कार्डावरचे १२०/८०

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका आदिवासी तालुक्यातील उपकेंद्राच्या ओसरीवर बसून मी गरोदर मातांची माता व बाल संरक्षण कार्डे चाळत होते. एकूण अकरा कार्डे होती. त्यांपैकी नऊ कार्डांवर प्रत्येक तपासणीच्या रकान्यात रक्तदाब १२०/८० असा लिहिलेला होता, आणि वजन दर भेटीला बरोबर एकेक किलोने वाढलेले होते. ज्याने आयुष्यात दहा माणसांचा रक्तदाब मोजला आहे, त्याला हे आकडे मोजलेले नाहीत हे सांगावे लागत नाही. नर्सताईंना विचारले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. त्या उठून आत गेल्या आणि बीपीचे मशीन घेऊन आल्या. दंडाला बांधायच्या पट्ट्याची, म्हणजे कफची, शिवण उसवलेली होती, रबरी नळीला चीर पडली होती आणि तिच्यावर गुंडाळलेली चिकटपट्टीही सुटत आली होती. कफ मागवून सात महिने झाले होते. नोंद मात्र त्याच दिवशी ऑनलाइन चढवावी लागते, आणि रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडत नाही, असे त्या म्हणाल्या. तीन हजार लोकसंख्येसाठी असलेल्या त्या उपकेंद्राला पाच पाडे जोडलेले, त्यांतले दोन ओढ्यापलीकडचे. त्या एकट्या सगळे सांभाळत होत्या.

गरोदरपणात वाढलेला रक्तदाब फारसा आवाज करत नाही. पाय सुजतात, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरातील माणसे म्हणतात की दिवस भरत आले की असे होतेच. मग एखाद्या रात्री आकडी येते. ती येण्याआधी ओळखण्याचे खात्रीचे, स्वस्त आणि पाच मिनिटांचे साधन म्हणजे ते मशीन. ते नसताना भरलेल्या कार्डावरची बाई शासनाच्या हिशेबात ‘तपासणी पूर्ण झालेली माता’ असते. तिच्या चार भेटी मोजल्या जातात, त्या तालुक्याच्या टक्केवारीत जातात, तालुक्याची टक्केवारी जिल्ह्याच्या आढाव्यात जाते, आणि वाटेत कोणालाही तो आकडा खोटा आहे असे म्हणण्याचे कारण पडत नाही.

माझे म्हणणे या एका कार्डात सामावलेले आहे. आरोग्यसेवा पोहोचली का, हा प्रश्न आपण गेली अनेक वर्षे विचारत आलो आणि तो विचारल्यामुळे पुष्कळ काही साधले. पोहोचलेली सेवा खरी आहे का, हा दुसरा प्रश्न विचारणारी व्यवस्था मात्र आपण सगळीकडे आणि कायमची उभी केली नाही. आणि तो प्रश्न वरून, मुंबई-पुण्याहून, कितीही तपासनीस पाठवून नीट विचारता येणार नाही. ज्यांच्या दंडाला तो कफ बांधायचा आहे, त्यांनाच तो विचारण्याचा अधिकार आणि सोय मिळाल्याशिवाय पाड्यांमधील आणि शहरांमधील आरोग्याची दरी बुजणार नाही.

ही दरी दिसत का नाही, हे समजण्यासाठी पालघर जिल्हा पाहण्यासारखा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या हद्दीत २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोक राहत होते. त्यांपैकी १३ लाखांहून अधिक एकट्या वसई तालुक्यात, म्हणजे मुंबईच्या लोकलवर जगणाऱ्या पट्ट्यात होते, आणि मोखाडा तालुक्यात जेमतेम ८३ हजार. म्हणजे जिल्ह्याच्या सरासरीत मोखाड्याचे वजन तीन टक्क्यांहूनही कमी. मोखाड्यातील बालमृत्यू उद्या दुप्पट झाले आणि त्याच वर्षी वसई-विरारमध्ये थोडीशी सुधारणा झाली, तर जिल्ह्याचा आकडा सुधारलेलाच दिसेल. आढावा बैठकीत समाधान व्यक्त होईल आणि त्यात कोणाचीही लबाडी नसेल. सरासरी काढण्याची रीतच अशी आहे की जो सगळ्यात मागे आहे आणि संख्येने थोडा आहे, त्याचे दुःख तिच्यात विरघळून जाते. नंदुरबारात शहादा आणि धडगाव, गडचिरोलीत देसाईगंज आणि भामरागड एकाच जिल्ह्याच्या आकड्यात बसतात, तिथेही हेच घडते.

राज्याच्या प्रगतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता, देशाचा २८ होता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ साली लहान मुले मोठ्या संख्येने दगावली होती, तेव्हाच्या बातम्या ज्यांना आठवतात, त्यांना या दोन आकड्यांमागचे कष्ट कळतील. खडी चढण चढून लस पोहोचवणाऱ्या नर्सेस, दारोदार फिरणाऱ्या आशाताई आणि बाळंतिणीला घेऊन रात्री-अपरात्री निघणारे रुग्णवाहिकांचे चालक यांनी ते घडवले आहे.

पण उरलेले पाच टक्के कोण, हे विचारले की चित्र बदलते. ते राज्यभर सारखे विखुरलेले नाहीत. पावसाळ्यात रस्ता तुटणारे पाडे, नर्मदेच्या काठची होडीनेच गाठता येणारी गावे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला निघून जाणारी कुटुंबे, अशी त्या पाच टक्क्यांची वस्ती आहे. स्थलांतरित कुटुंबांचे तर असे होते की गावच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो आणि जिथे ती गेलेली असतात तिथल्या नोंदवहीत त्यांचे नावच नसते. सहा महिने ते बाळ कोणत्याच आशाताईचे नसते. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ साली केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने २०१८ साली अहवाल दिला. देशातील दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याची वेगळी, विश्वासार्ह माहितीच पुरेशी नाही, ही त्या समितीपुढची पहिली अडचण होती. ज्याची मोजणी होत नाही त्याच्यासाठी निधीही निघत नाही.

ही गोष्ट फक्त डोंगराची आणि अंतराची आहे असे समजू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि तिचे केंद्र गोवंडीत होते. तिथून देशातील नामांकित रुग्णालये तासाभराच्या अंतरावर आहेत. तरीही लस न मिळालेली मुले त्या गल्ल्यांमध्ये होती आणि त्यांतली काही दगावली. मुंबईची लसीकरणाची सरासरी त्या गल्ल्यांबद्दल काही सांगत नव्हती.

आता दर्जा म्हणजे काय, याकडे वळते, कारण या शब्दाचा अर्थ आपल्याकडे फार लवकर इमारत, रंगरंगोटी आणि मशिनरी असा होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांमध्ये नवजात बाळांच्या घरच्या काळजीचा प्रयोग केला. गावातीलच थोडे शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, स्तनपानाला मदत करणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकवले, अगदी इंजेक्शनसुद्धा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल तर न्यूमोनियाचा धोका आहे, हे मोजायला पदवी लागत नाही. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे एक पूर्ण मिनिट नजर न हलवता पाहावे लागते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते.

हे आकडे सर्वांना पाठ आहेत, परंतु ते कशामुळे साधले याकडे कमी लक्ष गेले आहे. त्या गावांमध्ये प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला जात होता. आरोग्यदूत बाईने काय केले हे पाहायला ठरावीक दिवसांनी पर्यवेक्षक येत होता, तिच्यासोबत बाळाच्या घरी जात होता आणि चुकले असेल तर तिथेच दुरुस्त करून दाखवत होता. कामाची आणि मृत्यूची नोंद एकाच हाती नव्हती. पुढे २०११ साली हा कार्यक्रम देशभर घेतला गेला तेव्हा आशाताईंच्या भेटींचे दिवस घेतले गेले (तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा), आणि भेटी पूर्ण केल्याचे २५० रुपयेही ठरले. इंजेक्शनचा भाग आशांच्या हाती दिला गेला नाही, आणि सोबत घरी जाणारा, शिकवणारा पर्यवेक्षक बहुतेक ठिकाणी आलाच नाही. आपण प्रयोगाचे वेळापत्रक उचलले आणि त्याचा जीव मागे ठेवला, असे मला फार वाटते. सहा भेटींच्या सहा सह्या असतात, पण त्यांपैकी किती भेटींत कोणी एक मिनिट श्वास मोजला, हे कोणताच तक्ता सांगत नाही.

याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला दुष्काळी गावांमधून, बहुतेक निरक्षर आणि कित्येकदा दलित वस्तीतील बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले होते. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्या हातून गावाने आपली बाळंतपणे करवून घेतली. दर्जा आणि समता या दोन गोष्टी वेगवेगळ्या योजनांनी साधायच्या असतात, हा समज जामखेडने पन्नास वर्षांपूर्वीच खोटा ठरवला आहे.

दर्जाचा प्रश्न केवळ कमतरतेचा नाही, ही गोष्ट मात्र आपल्या चर्चेतून सुटते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडात ना पाणी ना आडोसा, पाळीच्या त्रासाला औषध देऊन समजावून सांगणारे कोणी जवळ नसते, आणि मग पंचविशी-तिशीतली बाई ‘पिशवीचा त्रास’ कायमचा संपवायला कर्ज काढून खासगी दवाखान्यात जाते. तिला उपचार मिळाला नाही असे म्हणता येणार नाही. तिला नको तो उपचार मिळाला, आणि हवा असलेला, स्वस्त, साधा उपचार कोणत्याच टप्प्यावर मिळाला नाही. दवाखान्यांची संख्या मोजून विषमता मापणाऱ्यांच्या हिशेबात ही बाई सेवा मिळालेल्यांच्या बाजूला जाते. तिच्या पाठदुखीचे आणि अकाली थकलेल्या हाडांचे खाते कुठेच उघडत नाही.

यावर पहिला आक्षेप म्हणून विम्याचे उत्तर दिले जाते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ साली दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व काही मोफत झाले. दोन्ही निर्णय चांगले आहेत आणि त्यांनी अनेकांचे शेत विकणे वाचवले असेल. पण विम्याचा पैसा रुग्णालय असेल तिथेच जातो, आणि योजनेत बसणारी रुग्णालये बहुतांशी शहरांत आहेत. मोखाड्यातल्या बाईचा रक्तदाब मोजण्याचे पैसे कोणताही विमा देत नाही. मोफत केसपेपर हातात पडल्यावर ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली, तर ज्याच्याकडे पैसे आहेत तो मेडिकलच्या दुकानात जातो आणि ज्याच्याकडे नाहीत तो एसटी पकडून घरी जातो. विषमता तिथेच, त्या खिडकीपाशी तयार होते. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बालके होती. राज्यभर औषधांच्या पुरवठ्याची चर्चा तेव्हा झाली. त्या बाळांपैकी अनेक दूरच्या गावांतून, वाटेत दोन-तीन दवाखान्यांनी पुढे पाठवलेली होती. त्या प्रत्येक ठिकाणी काय झाले असते तर ते बाळ नांदेडपर्यंत बऱ्या स्थितीत पोहोचले असते, ही चर्चा मात्र चार दिवसांत थांबली.

औषधांच्या बाबतीत तरी उत्तर शोधायला फार दूर जायला नको. तमिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून दर जिल्ह्यात गोदाम उभे केले आणि प्रत्येक दवाखान्याला रकमेच्या मर्यादेचे पासबुक दिले. दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलतो आणि पासबुकात नोंद होते. वरून कोणी ठरवलेल्या गोळ्यांची पोती येऊन पडत नाहीत. महाराष्ट्राने खरेदीच्या यंत्रणा अनेकदा बदलल्या. दवाखान्याच्या हाती मागण्याचा अधिकार देण्याकडे त्यामानाने कमी लक्ष दिले.

दुसरा आक्षेप असा असतो की डॉक्टर दुर्गम भागात राहायला तयार नाहीत, तेव्हा दर्जाच्या गोष्टी कोणासाठी करायच्या. यात तथ्य आहे. गळके निवासस्थान, मुलांना शाळा नाही, बाळंतपण अडले तर सोबतीला दुसरा डॉक्टर नाही, आणि बाळ दगावले तर दोष एकट्यावर, अशा ठिकाणी तरुण एमबीबीएसने का राहावे? आदिवासी भागात वर्षानुवर्षे मानधनावर राबणाऱ्या, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकांच्या डॉक्टरांना आपण कसे वागवले, हे पाहिले तर या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. जी माणसे टिकून राहिली त्यांना कायम करणे, त्यांच्या जोडीला कोणीतरी देणे आणि फोनवर तज्ज्ञाचा सल्ला खात्रीने मिळणे, एवढे झाले तरी बरेच साधेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या मुख्य म्हणण्यावरच आहे. लोकांना तपासणीचा अधिकार दिला तर कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य खचेल, गावच्या राजकारणात दवाखाना ओढला जाईल, असे म्हटले जाते. महाराष्ट्राकडे याचा अनुभव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचे काम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाले. गावातील लोकांनी आपल्या उपकेंद्राचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे (चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल), ते केंद्रात लावायचे आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी त्याची रीत. अशा सुनवायांमध्ये मी बसले आहे. सुरुवातीला खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात आणि आवाज चढतात, हे खरे आहे. पण तासाभराने दिसते ते असे की लोकांची निम्म्याहून अधिक गाऱ्हाणी तिथे बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचीही गाऱ्हाणीच असतात: रिक्त जागा, न आलेली औषधे, बंद पडलेली गाडी. सहा पत्रे लिहूनही ज्याचे उत्तर आले नाही ते तीनशे माणसांसमोर विचारले गेले की वरच्या अधिकाऱ्याला तारीख द्यावी लागते. कर्मचाऱ्याचे मनोधैर्य एकटे पडल्याने खचते, आणि सुनवाईत तो एकटा नसतो.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. अर्भकमृत्यू, मातामृत्यू, कमी वजनाची बालके आणि औषधांचा साठा यांचे आकडे जिल्ह्याचे न देता तालुक्याचे, आणि जिथे शक्य आहे तिथे उपकेंद्राचे, दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत, तिथल्या बोलीत. गाव लहान असेल तर आकड्यामागचे कुटुंब ओळखू येते, त्यामुळे नावे टाळून आणि दुखवट्याची आब राखून हे करावे लागेल. लोकाधारित देखरेखीला आरोग्याच्या अंदाजपत्रकात स्वतःचे, न आटणारे स्थान असावे, आणि ती करणाऱ्या संस्थेला तिच्याच तपासणीखालच्या अधिकाऱ्याकडे निधीसाठी हात पसरावा लागू नये. आशाताईंना कामागणिक मोबदला देण्याची पद्धत बदलून वेतन द्यावे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा सन्मान केला, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यातील आशांना संपावर जावे लागले. कागद भरल्याचे पैसे आणि श्वास मोजल्याचे पैसे सारखेच मिळत असतील, तर दमलेल्या माणसाने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?

त्या उपकेंद्रातील अकरा कार्डांचे पुढे काय झाले ते सांगते. गावाच्या आरोग्य समितीच्या बैठकीत ती कार्डे नर्सताईंनीच ठेवली, आणि आपण मोजलेले नाही हे सर्वांसमोर सांगितले. त्यासाठी लागणारे धैर्य मी विसरणार नाही. उपकेंद्राच्या खात्यात अबंधित निधी, म्हणजे तिथल्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा, पडून होता. त्याच्या धनादेशावर नर्सताई आणि सरपंच या दोघांची सही लागते, आणि दोघींनी एकत्र बसून खाते उघडून पाहिलेच नव्हते. सरपंचताईंनी त्याच दुपारी सही केली. तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा नव्या कफने केलेल्या नोंदी कार्डांवर होत्या: ११०/७०, १०४/६८, १२६/८२, ११८/७६. आठव्या कार्डावर, ओढ्यापलीकडच्या पाड्यातील एकोणीस वर्षांच्या पहिलटकरणीच्या नावापुढे १५०/१०० लिहिले होते, आणि खाली त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवल्याची वेळ होती: सकाळचे साडेअकरा.